नक्कल, नजर आणि मरगळ

हौशी छायाचित्रकाराच्या आयुष्यात एक काळ असा येतो, की कॅमेरा कपाटातून बाहेर काढण्याचाही कंटाळा वाटू लागतो. पहिल्या वर्ष-दोन वर्षांचे भारलेले दिवस ओसरलेले असतात. शटर, अपर्चर, आयएसओ यांचे गणित बोटांना पाठ झालेले असते आणि चुका कमी झालेल्या असतात. नेमके त्याच वेळी टिपण्यासारखे काही उरलेच नाही, असे वाटू लागते. छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे २०२३ पर्यंतच्या औरंगाबादेत, ही तक्रार विशेष ऐकू येते. मकबऱ्याचे आता काय काढायचे राहिले आहे? वेरूळ झाले, अजिंठा झाला, देवगिरी झाला. पाणचक्कीच्या हौदावर तर कबुतरांसकट सगळे काढून झाले.

ही तक्रार खोटी नाही. पण तिचे निदान बहुधा चुकीचे केले जाते, असे आमचे मत आहे. विषय संपले म्हणून ही मरगळ येत नाही. दुसऱ्यांनी काढलेली चित्रे आपल्या कॅमेऱ्याने पुन्हा काढून झाली, म्हणून ती येते. नकलेचा टप्पा संपला आणि स्वतःच्या नजरेचा टप्पा अजून सुरू झाला नाही, या दोहोंमधली ही मोकळी जागा आहे. तिथे अस्वस्थ वाटणारच.

प्रचलित उपाय तीन. पहिला बाजार सुचवतो: नवी लेन्स घ्या. नव्या लेन्सचा उत्साह साधारण दोन महिने टिकतो. मग तीच चित्रे अधिक स्पष्ट दिसू लागतात, एवढेच. दुसरा उपाय मित्र सुचवतात: कुठे तरी लांब जा. लडाख, बनारस, पुष्कर. पण तिथेही आपल्या आधी पोहोचलेल्या हजारो छायाचित्रांचा ठसा डोळ्यांत घेऊनच आपण उतरतो आणि त्या ठशाशी जुळणारी जागा शोधत फिरतो. तिसरा उपाय वाहवा. २००४ साली फ्लिकर आले, पुढे इतर समाजमाध्यमे आली, आणि चित्र काढल्यापासून ते आवडल्याची पावती मिळेपर्यंतचा काळ काही मिनिटांवर आला. पावती कशाला मिळते हे लवकर कळते; जे आवडले ते पुन्हा दिले जाते; आणि वर्षभरात माणूस स्वतःच्याच यशस्वी चित्राची नक्कल करू लागतो. मरगळीचा हा प्रकार सर्वांत घातक, कारण तो प्रगतीसारखा दिसतो.

नक्कल हा शब्द आम्ही येथे तुच्छतेने वापरीत नाही. ज्या शहरातली सर्वांत प्रसिद्ध वास्तूच नक्कल म्हणून हिणवली जाते, त्या शहरात या शब्दाचा विचार जरा सावकाशीनेच करायला हवा. बीबी का मकबरा औरंगजेबाची बेगम दिलरस बानो हिचा. सतराव्या शतकाच्या मध्यास तो उभा राहिला, शहाजादा आझमशाह याचे नाव त्याच्याशी जोडलेले आहे, आणि ‘दख्खनचा ताज’ हे बिरुद त्याला कायमचे चिकटले आहे. येथे येणारा बहुतेक प्रत्येक जण मुख्य दरवाजातून आत शिरतो, पाण्याच्या पाटाच्या मध्यरेषेवर उभा राहतो आणि चित्र काढतो. वास्तू ताजची नक्कल, आणि चित्र ताजच्या प्रसिद्ध चित्राची नक्कल.

हे एकदा जरूर करावे. कित्ता गिरवल्याशिवाय अक्षर वळत नाही, आणि घराण्याची गायकी गळ्यात उतरेपर्यंत शिष्य गुरूसारखेच गातो. प्रश्न एवढाच, की कित्ता बाजूला केव्हा ठेवायचा. आमचे उत्तर असे: मूळ आणि नक्कल यांतला फरक ज्या दिवशी स्वतःच्या डोळ्यांना दिसेल, त्या दिवशी. मकबरा नखशिखांत संगमरवरी नाही. खालच्या पट्ट्यापर्यंत संगमरवर आहे, त्यावर घुमटाच्या बुडापर्यंत दख्खनचा काळा दगड आहे व त्याला बारीक, घोटीव गिलावा केलेला आहे, आणि घुमट पुन्हा संगमरवरी. संगमरवर प्रकाश थोडा आत घेतो. गिलावा तो पृष्ठभागावरूनच परत करतो. म्हणून तिरप्या उन्हात एकाच भिंतीवर दोन निरनिराळे पांढरे रंग दिसतात, आणि पावसाळ्यात ओल धरली की ते आणखी वेगळे होतात. हे दोन पांढरे वेगवेगळे उमटलेले चित्र ताजचे असूच शकत नाही. आत कबर जमिनीच्या पातळीखाली आहे. भोवती अष्टकोनी जाळी, वर अष्टकोनी मोकळीक, आणि पाहणारा कठड्यावरून खाली वाकून पाहतो. त्या वाकलेल्या माणसांच्या चेहऱ्यांवर खालून येणारा मंद उजेड कुणी टिपला आहे? ज्याने टिपला असेल त्याला मरगळीची तक्रार करायला सवड झाली नसेल.

नक्कल आणि नजर यांच्या नात्याचे याहून मोठे उदाहरण याच जिल्ह्यात आहे. मराठी माणूस मेजर रॉबर्ट गिलला ओळखतो तो बहुधा पारोच्या प्रेमकथेमुळे. ना. धों. महानोरांच्या ‘अजिंठा’ या दीर्घकाव्याने आणि २०१२ च्या नितीन चंद्रकांत देसाई यांच्या चित्रपटाने ती कथा घरोघरी नेली. त्या कथेच्या झगमगाटात गिलचे काम मात्र दुर्लक्षित राहिले. मद्रास लष्करातल्या या अधिकाऱ्याला ईस्ट इंडिया कंपनीने १८४४ मध्ये नेमले ते नकला करण्यासाठी. लेण्यांतली भित्तिचित्रे मोठ्या कॅनव्हासवर तैलरंगांत जशीच्या तशी उतरवणे, हे त्याचे काम. जवळपास दीड तप तो हे करीत होता. अंधार, वटवाघळे, मधमाश्या, ताप आणि मदतीची वानवा, या सगळ्यांत.

आणि मध्येच, १८५० च्या दशकाच्या उत्तरार्धात, हा नक्कलकार कॅमेऱ्याकडे वळला. येथे तंत्राची अडचण लक्षात घ्यावी. त्या काळी रूढ असलेल्या पद्धतीत काचेवर कलोडियनचा थर द्यायचा, ती रुप्याच्या क्षारात बुडवायची, आणि ओली असतानाच चित्र घेऊन लगेच अंधाऱ्या तंबूत धुवायची. काच वाळली की संवेदनशीलता गेली. अजिंठ्याच्या उन्हाळ्यात ती किती लवकर वाळत असेल, याचा अंदाज कुणालाही करता येईल. त्यात ही काच निळ्या प्रकाशाला चटकन प्रतिसाद देई. तांबडा आणि पिवळा तिला जवळजवळ अंधारासारखेच. आणि अजिंठ्याच्या भिंतींवर गेरूचे रंग प्रमुख. म्हणजे ज्या गोष्टीची नक्कल करण्यासाठी गिलला आणले होते, नेमकी तीच गोष्ट कॅमेऱ्याला दिसत नव्हती.

मग गिलने कॅमेऱ्याला जे दिसत होते ते पाहिले. लेण्यांचे दर्शनी भाग, ऊन-सावलीतले खांब, दगडाची खोली. दोन डोळ्यांना दिसणारी किंचित वेगळी अशी दोन चित्रे शेजारी ठेवून खोलीचा भास निर्माण करणारी स्टिरिओस्कोपची पद्धत त्याने वापरली, आणि सपाट भिंतीची नक्कल करणारा माणूस घनतेचा अभ्यासक झाला. तो लोणारच्या देवळांपर्यंत गेला. शिकार आणि निसर्गही त्याने टिपला. जेम्स फर्ग्युसनच्या मजकुरासह त्याच्या छायाचित्रांची दोन पुस्तके १८६४ मध्ये लंडनला निघाली. एका माध्यमात दीर्घ काळ कष्ट केलेल्या डोळ्याला दुसऱ्या माध्यमाने काय देता येते, याचा हा दाखला आहे.

पुढचा भाग ठाऊक असतो, पण त्याचा अर्थ लावला जात नाही. गिलची तैलचित्रे लंडनजवळच्या सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडलेली होती. डिसेंबर १८६६ मध्ये तिथे आग लागली आणि तेथली त्याची जवळपास सर्व चित्रे जळाली. गिलने पुन्हा कामाला लागण्याची तयारी दाखवली. १८७९ मध्ये त्याचा मृत्यू झाला. भुसावळला त्याचे थडगे आहे. दरम्यान, १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतले जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी त्याच भिंतींसमोर बसू लागले. त्यांच्याही अनेक नकला १८८५ च्या लंडनमधील आगीत गेल्या. विसाव्या शतकात लेडी हेरिंगहॅम आली, तिच्याबरोबर तरुण नंदलाल बोस आला. निझामाच्या पुरातत्त्व खात्याचे गुलाम याझदानी यांनी १९३० ते १९५५ या काळात छायाचित्रांवर आधारलेले खंड काढले. १९९० च्या दशकाच्या आरंभी बिनॉय बहल यांनी अत्यंत मंद प्रकाशात, दीर्घ एक्स्पोजर देऊन ती चित्रे पुन्हा टिपली. विषय एकच, भिंती त्याच, आणि प्रत्येकाला पुन्हा पाहावेसे वाटले. “अजिंठा झाला” असे म्हणणाऱ्या आमच्या मित्रांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

याच इतिहासात एक इशाराही आहे. नकला करताना रंग उठून दिसावेत म्हणून पूर्वीच्या मंडळींनी भित्तिचित्रांवर वार्निश चढवले. ते पिवळे पडले, आणि १९२० च्या सुमारास इटालियन तज्ज्ञांना आणून ते काढण्याचा खटाटोप निझाम सरकारला करावा लागला. चित्र चांगले यावे म्हणून विषयालाच इजा करण्याची ही वृत्ती अजून गेलेली नाही. लेण्यांत फ्लॅशला बंदी आहे, ती उगाच नव्हे. बाजारात बसलेल्या म्हाताऱ्याच्या तोंडासमोर, त्याला न विचारता, लेन्स रोखणारा हौशी कलावंत त्याच वार्निशवाल्यांचा वारस आहे.

आता हौशी या शब्दाविषयी. ‘केवळ हौशी’ असे आपण म्हणतो, तेव्हा त्यात एक उणेपणा असतो. वस्तुतः या देशातले छायाचित्रण हौशी मंडळींनीच रुजवले. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली, तिच्यात डॉक्टर, अधिकारी, व्यापारी होते. भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्यातले एक कुशल छायाचित्रकार. लाला दीनदयाळ इंदूरच्या बांधकाम खात्यात आरेखक होते. १८७४ च्या सुमारास त्यांनी हौस म्हणून कॅमेरा हाती घेतला आणि पुढे ते निझामाचे दरबारी छायाचित्रकार झाले. वेरूळची त्यांची चित्रे आजही पाहण्यासारखी आहेत. आराखडे काढणाऱ्याची शिस्त त्यांच्या चौकटीत दिसते. दिवसभराच्या पोटापाण्याच्या कामातून माणूस काही घेऊन येतो, ते त्याच्या छंदाचे भांडवल असते. वाळूजच्या कारखान्यात मोजमापे तपासणाऱ्याला जे दिसेल, ते व्यावसायिक छायाचित्रकाराला दिसेलच असे नाही.

मग करायचे काय? आमची सूचना साधी आहे. एक जागा, एक लेन्स, एक वर्ष. हौशी माणसाला रविवार मिळतो, वर्षाचे बावन्न. बावन्न दरवाजांचे शहर म्हणून आपण मिरवतो. त्या बावन्नांतले आज मोजकेच उभे आहेत. त्यांतला एक निवडावा: मलिक अंबरने १६१२ मध्ये बांधलेला भडकल दरवाजा, दिल्ली दरवाजा, खाम नदीवरचा मकाई दरवाजा, कुठलाही. दर रविवारी तिथे जावे. पहिले चार रविवार ठरलेली चित्रे येतील. पाचव्या-सहाव्या रविवारी कंटाळा येईल. तो येऊ द्यावा. दरवाजा पाहून झाला की मग दरवाजाखालून कोण जाते, केव्हा जाते, सावली कुणाला मिळते, कमानीच्या कोणत्या दगडाला हातगाडी घासते, हे दिसू लागते. प्राग शहरातल्या योसेफ सुडेकने पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावला होता. १९४० पासून सुमारे चौदा वर्षे तो आपल्या स्टुडिओच्या एकाच खिडकीची चित्रे काढीत राहिला. दव, पाऊस, काचेवरचे ओघळ, पलीकडचे वाकडे झाड. त्याला रविवारही निवडावा लागला नाही.

जागेबरोबर वेळ शिकायला हवी. वेरूळची चौतीस लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत, हे माहीत असूनही बहुतेक जण सकाळी निघतात आणि दुपारचे जेवण आटोपून परततात, म्हणजे ऊन लेण्यांत शिरू लागते तेव्हा हे घराकडे निघालेले असतात. दहाव्या लेण्यात, विश्वकर्म्याच्या चैत्यगृहात, मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात मावळतीकडे झुकलेले किरण गवाक्षातून थेट बुद्धमूर्तीच्या मुखापर्यंत पोहोचतात. कैलास लेणे डोंगर वरून खाली खोदत नेऊन घडवले, म्हणून ते खड्ड्यात उभे आहे. भर दुपारीही त्याच्या कितीतरी मूर्तींवर समोरच्या कड्यावरून परतलेला मऊ उजेडच पडतो. शिल्पाचा उठाव तिरप्या प्रकाशात दिसतो, चेहऱ्याचा भाव पसरलेल्या प्रकाशात. एकाच मूर्तीची दोन चित्रे दोन वेळी काढून शेजारी ठेवली, की हे कुठल्याही कार्यशाळेपेक्षा चांगले कळते. आणि गर्दीचा वैताग असेल, तर विद्यापीठामागच्या डोंगरातली औरंगाबाद लेणी आहेतच. शहराच्या इतकी जवळ आणि इतकी एकाकी जागा दुसरी नाही.

आणखी एक गोष्ट: चित्रे कागदावर छापावीत. पडद्यावर चित्र दोन सेकंद टिकते. भिंतीवर लावलेले महिनाभर आपल्याशी वाद घालते. वर्षाअखेर दहाच निवडावीत. नाकारलेल्या चित्रांत आपल्या सवयी दिसतात, आणि मरगळीचे मूळ बहुधा त्या सवयींतच सापडते.

यावर एक आक्षेप येईल: छंदाला एवढी शिस्त लावली तर तो छंद कसला? आक्षेप रास्त आहे. काही मरगळ ही निव्वळ दमणूक असते. घरातले आजारपण असते, नोकरीतली ओढाताण असते. अशा वेळी कॅमेरा ठेवून द्यावा, त्यात काही बिघडत नाही. कार्तिए-ब्रेसाँसारख्या दिग्गजाने १९७० च्या दशकात छायाचित्रण जवळजवळ सोडले आणि तो रेखाटनाकडे परतला. त्याचे जग काही बुडाले नाही. शिस्त आम्ही सुचवतो ती ज्याला चित्र काढायचे आहे पण काय काढावे हे सुचत नाही, त्याच्यासाठी.

तरीही हा केवळ एकेकट्याच्या मनःस्थितीचा प्रश्न आहे, असे आम्हांला वाटत नाही. युजीन अॅजेने पॅरिसमध्ये सुमारे तीस वर्षे जुन्या गल्ल्या, दुकाने, जिने, अंगणे यांची हजारो चित्रे काढली. स्वतःला तो कलावंत म्हणवीत नसे; कलावंतांसाठी दस्तऐवज पुरवतो, असे म्हणे. त्या पॅरिसचा मोठा भाग नाहीसा झाला आणि त्याची चित्रे उरली. आपल्या शहराचे काय? रस्ते रुंद होतात, वाडे पडतात, गुलमंडीच्या दुकानांचे लाकडी दर्शनी भाग जाऊन काच येते. हिमरू विणणारे माग हाताच्या बोटांवर मोजावे इतके उरले आहेत. शहराचे नाव बदलले तशा पाट्याही बदलत आहेत. त्या बदलाविषयी कुणाचे मत काहीही असो, रंगाऱ्याने हाताने काढलेली दुकानाची जुनी पाटी ही आपल्या अक्षरकलेची आणि व्यापाराची नोंद आहे, आणि उतरवलेली पाटी पुन्हा चढत नाही. मकबऱ्याची लाखो चित्रे आहेत. त्याच्या वाटेवरच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानाचे एकही नसेल. पर्यटन खाते ते काढणार नाही, वृत्तपत्र काढणार नाही. ते दहा वर्षे रोज त्या वाटेने कामावर जाणारा हौशी माणूसच काढू शकतो. आणि “इथे काढण्यासारखे काही उरले नाही” म्हणून त्याने कॅमेरा कपाटात ठेवला, तर ते दुकान नोंदीशिवाय जाईल.

म्हणून शेवटी एक रूक्ष विनंती. प्रत्येक चित्रासोबत तारीख आणि जागेचे नाव लिहावे, शक्य असेल तिथे माणसाला विचारून त्याचे नाव व कामही. आणि चित्रांच्या दोन प्रती दोन वेगवेगळ्या घरी ठेवाव्यात. गिलचे दीड तपाचे काम एकाच छताखाली होते.